‘छान होता’च्या पुढे काय लिहू?

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही काही मैत्रिणी अधूनमधून एकत्र चित्रपट बघायला जातो. गेल्या वेळी एक छोटा चित्रपट पाहिला. मागे कुठली मोठी कंपनी नाही, दिग्दर्शिका नवी, आणि जाहिरातीतच लिहिलेलं, ‘बायकांसाठी’. गोष्ट म्हणाल तर एवढीच, की पन्नाशीची एक बाई वारलेल्या थोरल्या बहिणीचं घर भाचीच्या मदतीने रिकामं करते. दोन दिवस नुसती कपाटं उघडायची, कपड्यांच्या घड्या घालून खोक्यात भरायच्या. कसलं गुपित निघत नाही, जुनी पत्रं सापडत नाहीत. एका प्रसंगात ती बहिणीचा चष्मा लावून बघते आणि बराच वेळ काढतच नाही. तिथे मला रडू आलं. का, ते आजही सांगता येत नाही. शेवटी मात्र ती भाचीला बाईच्या आयुष्याबद्दल लांबलचक काहीतरी ऐकवते, तेव्हा मी घड्याळ बघितलं. मधे काही ठिकाणी संवादही नीट ऐकू आले नाहीत.

बाहेर पडल्यावर आमच्यात जुंपली. एक म्हणाली, ‘काहीच घडत नाही, डोकं उठलं.’ दुसरी म्हणाली, ‘एका बाईने बायकांसाठी एवढ्या कष्टाने काढलाय, आपणच नावं ठेवली तर कसं व्हायचं?’ मी गप्प. दिग्दर्शिका तिथे आली होती. जे वाटलं ते लिहून पाठवा, अशी तिने सगळ्यांना विनंती केली. मी लिहायला बसते आणि ‘छान होता’च्या पुढे जात नाही. मी काही समीक्षक नाही. खोटं कौतुक करायचं नाही आणि दुखवायचंही नाही. काय लिहू? शिवाय मुलगा विचारतोय, ‘बायकांसाठी म्हणजे मी बघायचा नाही का?’ त्याला काय सांगू?

– एक प्रेक्षक

प्रिय प्रेक्षक,

दिग्दर्शिकेला पाठवायचं पत्र तुम्ही लिहून मोकळ्या झाला आहात, फक्त पत्ता माझा घातलात. मी हा चित्रपट पाहिलेला नाही. तरी तुमच्या चार ओळींतून मला ती कपाटं दिसली, काहीच गुपित न निघणं दिसलं, आणि तो चष्मा तर चांगलाच दिसला. नुसतं ‘छान होता’ म्हणणाऱ्याकडून एवढं हाती लागत नाही.

आधी चष्म्याचं बोलू. रडू का आलं ते सांगायची जबाबदारी तुमची नाही. कुठे आलं एवढं सांगा, आणि त्या क्षणी पडद्यावर काय होतं ते आठवा. कॅमेरा तिच्या चेहऱ्यासमोर होता की पाठीमागे? चष्मा लावून ती कशाकडे बघत होती, आरशाकडे, खिडकीबाहेर, की हातातल्या कपड्याकडे? भाची खोलीत होती का? बाहेरून कसले आवाज येत होते, की सगळं शांत होतं? बहिणीच्या नंबरातून तिला एकतर स्वच्छ दिसलं असेल, नाहीतर सगळं धूसर झालं असेल, आणि या दोन्हींचा अर्थ अगदी निराळा. तुमच्या मनात कुठला उतरला ते दिग्दर्शिकेला कळायला हवं. तिने तो प्रसंग लिहिला, चित्रित केला, संकलनाला बसल्यावर पुन्हा पुन्हा पाहिला. आता तो पहिल्यांदा बघणाऱ्याला कसा दिसतो हे तिला स्वतःहून कळायची सोय उरलेली नाही. मोठे निर्माते प्रदर्शनाआधी अनोळखी लोकांना बोलावून चाचणीचे खेळ लावतात, त्यांच्याकडून अर्ज भरून घेतात, कधीकधी त्यावरून शेवट बदलतात. छोट्या चित्रपटाला हे परवडत नाही. म्हणून तर ती सभागृहात उभी राहून तुम्हाला लिहायला सांगत होती.

आता तुमची दुसरी मैत्रीण. तिचा हेतू चांगला आहे, पण तिच्या बोलण्यात एक गोम आहे. ‘कष्टाने काढलाय, म्हणून नावं ठेवू नका’ असं म्हणताना तिने चित्रपटाला मनात आधीच नापास केलंय आणि मग वाढीव गुण देऊन वर ढकललंय. हे दिग्दर्शिकेला पहिल्या वाक्यात कळतं. पैसे उभे करताना ‘हा विषय बघणार कोण?’ हे ज्या बाईने ऐकून घेतलेलं असतं, तिला सौजन्य कुठलं आणि दाद कुठली, हे ओळखायला वेळ लागत नाही.

कष्टांना दाद द्यायची तर ते पडद्यावर कुठे उतरलेत ते बघावं. रीमा दास यांचा ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ हा असमिया चित्रपट घ्या. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, निर्मिती, सगळं त्यांनी स्वतः केलं. आपल्याच गावात, गावातली मुलं घेऊन. जागेवरचं ध्वनिमुद्रण केलं त्यांच्या नात्यातल्या बहिणीने, मल्लिका दास यांनी. २०१८ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, आणि ध्वनिमुद्रणासाठी मल्लिका दास यांनाही पुरस्कार मिळाला. हातात पैसा नाही, युनिट नाही, याची भरपाई म्हणून कुणी ते पुरस्कार दिले नव्हते. त्यातली मुलं कॅमेऱ्यासमोर आहेत हे विसरून वागतात. दिवे, गाड्या, पन्नास माणसं असा लवाजमा गावात उतरला असता, तर ती तशी वागली नसती. कमी माणसांचं काम असल्याने काय साधलं, ते इथे बोट ठेवून दाखवता येतं. तुमच्या चित्रपटातही असं काही दाखवता आलं, तर दुसऱ्या मैत्रिणीला हवं असलेलं कौतुक आपोआप होईल आणि ते खरंही असेल.

पहिल्या मैत्रिणीची तक्रार मी जास्त गांभीर्याने घेईन. ती निदान चित्रपटाबद्दल बोलतेय. ‘काहीच घडत नाही’ हे वाक्य दोन तऱ्हेच्या चित्रपटांबद्दल म्हटलं जातं. एकात खरोखर काही घडत नसतं. दुसऱ्यात जे घडतं ते इतकं रोजचं असतं, की त्याला घटना म्हणायची आपल्याला सवय नसते.

शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेने १९७५ साली, पंचविशीत असताना, ‘जान डीलमन’ केला. लांबी २०१ मिनिटं. एक विधवा, तिचा मुलगा, ब्रुसेल्समधला एक फ्लॅट, तीन दिवस. ती बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरूण नीट करते. दुपारी एखादा पुरुष पैसे देऊन तिच्याकडे येऊन जातो, आणि तेही दिवसाच्या कामांतलंच एक काम असल्यासारखं ती उरकते. पहिला दिवस आपण चुळबुळत बघतो. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात, पुढे गाऊनचं एक बटण लावायचं राहतं, आणि आपल्या पोटात गोळा येतो. तिची शिस्त आपल्याला पाठ झालेली असते ना! पहिला दिवस पाच मिनिटांत गुंडाळला असता, तर ते बटण कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तेव्हा लोक खेळ सोडून उठून गेले होते. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी आजवरच्या सर्वोत्तम चित्रपटांचा कौल घेतं. २०२२ च्या कौलात समीक्षकांनी याच चित्रपटाला पहिलं स्थान दिलं. बाईने दिग्दर्शित केलेला चित्रपट तिथे पहिला येण्याची ती पहिलीच वेळ.

हे सगळं मैत्रिणीला सुनावू मात्र नका. कौलाचा धाक घालून कुणाला चित्रपट आवडायला लागत नाही. तिला एकच विचारा: पहिल्या दिवशीची कपड्याची घडी आणि दुसऱ्या दिवशीची घडी सारखीच होती का? सुरुवातीला ती नीट कडा जुळवत असेल आणि शेवटी शेवटी नुसती कोंबत असेल, किंवा उलट, आधी भराभर भरत असेल आणि नंतर एकेक कपडा हातात घेऊन थबकत असेल, तर तिथे काहीतरी घडलं. दोन्ही दिवस सारखेच असतील, तर मैत्रिणीचं बरोबर आहे. मग तो संथपणा उसना आहे. महोत्सवांत असं चालतं म्हणून लावलेला संथपणा मीही पुष्कळ सोसलाय.

लांबच लांब शॉटमागे कधी नाइलाजही असतो, हे माहीत असलेलं बरं. एकच प्रसंग चार बाजूंनी घ्यायचा, तर दर वेळी दिवे हलवायचे, नटांकडून तेच पुन्हा करून घ्यायचं. त्यात दिवस जातो, आणि शूटिंगचा दिवस वाढला की माणसांचं मानधन, जागेचं भाडं, कॅमेऱ्याचं भाडं, सगळंच वाढतं. म्हणून छोट्या चित्रपटात जागा एखाद-दुसरी, पात्रं मोजकी, आणि उजेड शक्यतो खिडकीतून येतो तो. तुम्ही पाहिलेली गोष्ट एका घरात आणि दोन बायकांत मावते, हा योगायोग नसावा. खिशाकडे बघूनच ती बेतलेली असणार. पण घर रिकामं करण्याची गोष्ट त्या घराबाहेर न्यायची तरी कशाला? इथे हिशेब आणि आशय एकमेकांना धरून आहेत. ही गोष्ट पत्रात एका ओळीत लिहिलीत, तर दिग्दर्शिकेला बरं वाटेल, आणि त्यात खोटं काही नाही.

संवाद ऐकू आले नाहीत, हेही लिहा, पण कुठल्या प्रसंगात ते सांगा. घर रिकामं होत जातं तसा खोलीतला आवाज बदलतो. गाद्या, पडदे, कपडे आवाज शोषून घेतात. ते गेले की उघड्या भिंतींवर तो घुमायला लागतो. शेवटच्या भागातच शब्द घुमत असतील, तर कदाचित तिला ते हवंही असेल आणि फक्त प्रमाण चुकलं असेल. दुसरी शक्यता सभागृहाची. ध्वनीचं मिश्रण पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून संवाद येतील अशा बेताने केलेलं असतं. छोट्या सभागृहात तो स्पीकर नसला किंवा जोडणी चुकली, की संगीत ठणठणीत आणि माणसं पुटपुटणारी, असं होतं. तसं झालं असेल तर तुमच्या तक्रारीने पुढच्या खेळाआधी ती तपासणी करून घेईल. हे तिला कुठल्याही स्तुतीपेक्षा उपयोगाचं आहे.

आता भाषण. माझं मत विचाराल, तर पत्रात हे लिहिलंच पाहिजे. छोट्या चित्रपटातल्या चुका बघताना मी एक भेद करते. काही चुका पैसे नसल्याने होतात आणि काही धीर सुटल्याने. दिवा कमी पडला, गर्दीच्या प्रसंगात चारच माणसं दिसली, हे पहिल्या जातीचं. त्याबद्दल बोलून फारसा उपयोग नाही, दिग्दर्शिकेला ते तुमच्या आधीपासून छळत असतं. भाषण दुसऱ्या जातीचं. ते कापायला एक पैसा लागत नाही.

ते आलं कुठून असेल, याचा मात्र विचार करा. चित्रपटावर ‘बायकांसाठी’ असं लिहिलं, की जो तो विचारतो, यातून संदेश काय द्यायचाय? थरारपट काढणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. पैसे देणारे विचारतात, ओळखीचे विचारतात, आणि दिग्दर्शिकेला हळूहळू वाटायला लागतं की लोकांना कळणार नाही, स्पष्टच सांगून टाकावं. मग दीड तास जिने एक गुपितसुद्धा काढायचा मोह टाळला, ती शेवटच्या पाच मिनिटांत घसरते.

बार्बरा लोडन या अमेरिकी अभिनेत्रीने १९७० साली ‘वांडा’ हा चित्रपट केला. लेखन, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका त्यांचीच. १६ मिलिमीटरच्या फिल्मवर, चार माणसांच्या युनिटनिशी. ही वांडा न्यायालयात जाऊन मुलं निमूट नवऱ्याकडे सोपवते आणि पुढे एका भुरट्या चोरामागे फरपटत जाते. ती कुठेही जागी होत नाही, बंड करत नाही, दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगत नाही. व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपटाला पुरस्कार मिळाला, पण बायकांच्या चळवळीतल्या काही जणींनाही ही नायिका पटली नाही. हिच्याकडून काय घ्यायचं, असा त्यांचा सवाल. लोडनना दुसरा पूर्ण लांबीचा चित्रपट करता आला नाही. १९८० साली त्या गेल्या. पुढे एक फिल्म प्रयोगशाळा बंद पडताना ‘वांडा’ची मूळ निगेटिव्ह कचऱ्यात जायची राहिली, २०१० मध्ये तिची दुरुस्त प्रत तयार झाली, आणि आज अमेरिकी स्वतंत्र चित्रपटांबद्दल बोलताना ‘वांडा’चं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वांडाने शेवटी दोन मिनिटं भाषण केलं असतं, तर तेव्हाच्या नाराजांचं समाधान झालं असतं. पुढे पन्नास वर्षं तो कुणी जपला असता असं मला वाटत नाही.

तुमच्या दिग्दर्शिकेला एवढा इतिहास ऐकवायची गरज नाही. ‘चष्म्याच्या प्रसंगातच मला सगळं पोचलं होतं. नंतर तेच शब्दांत ऐकताना मी चित्रपटातून बाहेर आले आणि घड्याळ बघितलं.’ इतकं बस. घड्याळ बघितल्याचं जरूर लिहा. ‘शेवट थोडा लांबला’ हे कुणीही म्हणेल, पण घड्याळ कुठल्या वाक्याला बघितलं हे सांगितलंत, तर तिला कात्री कुठे लावायची ते कळेल. शेवट कसा असायला हवा होता, हे मात्र सांगायला जाऊ नका. तो चित्रपट तिचा आहे.

मुलाचं उत्तर सोपं आहे. बघ म्हणावं. ‘बायकांसाठी’ म्हणजे दारावर पहारा नाही. गोष्ट कुणाला गृहीत धरून सांगितली आहे, एवढाच त्याचा अर्थ. जन्मभर आपण पुरुषांना गृहीत धरून केलेले चित्रपट बघत आलो आणि त्यांवर तसं कुणी लिहिलं नव्हतं. लॉरा मल्वी या ब्रिटिश चित्रपट-अभ्यासक. त्यांनी १९७५ साली एका निबंधात मांडलं, की प्रस्थापित चित्रपटांत पुरुष बघतो आणि बाई बघितली जाते, आणि कॅमेराही त्या पुरुषाच्या नजरेला जाऊन मिळतो. त्यानंतर दहा वर्षांनी ॲलिसन बेकडेल या अमेरिकी व्यंगचित्रकार बाईंच्या एका चित्रमालिकेतल्या पात्राने साधी अट घातली: चित्रपटात निदान दोन बायका असाव्यात, त्यांनी एकमेकींशी बोलावं, आणि ते बोलणं पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तरी असावं. तुमचा चित्रपट ही अट पहिल्या पाच मिनिटांत पार करत असेल. त्याने तो चांगला ठरत नाही, वाईट चित्रपटही ती पार करतात. पण किती गाजलेले चित्रपट तिथे अडकतात हे मुलाने आपल्या आवडत्या चित्रपटांवर ताडून बघावं. बरीच करमणूक होईल. आणि तुमचा चित्रपट बघताना ‘आई, आता ती का थांबली?’ असं मधेच विचारायचं नाही, एवढी अट तुमची.

‘मी समीक्षक नाही’ हे वाक्य पत्रातून काढून टाका. तिने समीक्षकांना विनंती केली नव्हती.

लवकर लिहा. अशा चित्रपटाचे खेळ थोडे असतात, आणि पहिल्या आठवड्यातल्या तिकिटांवर पुढचे ठरतात, त्यामुळे तुमच्या शब्दांचा उपयोग आत्ताच जास्त आहे. दिग्दर्शिकेला भाषणाबद्दल सगळं लिहा. इतरांना सांगताना मात्र चष्म्याचा प्रसंग उघड करू नका, बहिणीचं घर आणि दोन दिवस एवढंच सांगा. मैत्रिणींनी मिळून एकच पत्र पाठवू नये, त्यात सगळ्यांची मतं घासून गुळगुळीत होतात. कंटाळलेल्या मैत्रिणीलाही वेगळं लिहायला लावा, कंटाळा कुठल्या प्रसंगापासून सुरू झाला तेवढं तरी. आणि तुमचं एखादं वाक्य तिला जाहिरातीत छापायचं झालं, तर चालेल की नाही, नावासकट की नावाशिवाय, तेही तळाला लिहून टाका, म्हणजे तिला पुन्हा विचारत बसावं लागणार नाही.

– तुमची ताई